बालक्रीडास्थाने, नागरी

शहरात राहणाऱ्या मुलांच्या घराबाहेरील खेळासाठी व वावरासाठी राखून ठेवलेल्या अथवा त्या हेतूने घडविलेल्या मोकळ्या जागा. मोठी मैदाने व सार्वजनिक उद्याने यांचाही त्यांत समावेश होतो; तथापि प्रस्तुत नोंदीत नगररचनेत दुर्लक्षित राहिलेल्या लहान जागांचा प्रामुख्याने विचार केला आहे. पडलेल्या इमारतीचा रिकामा भूखंड, दोन घरांमधील बोळ, रस्त्यांच्या फाट्यावरील त्रिकोणी तुकडा, उड्डाणपुलाखालील पट्टा, नाल्याकाठची जमीन, बंद पडलेल्या गिरणीचे वा गोदामाचे आवार, शाळा सुटल्यावर कुलूपबंद होणारे पटांगण, फारशी वाहतूक नसलेली गल्ली ही अशा जागांची उदाहरणे होत. त्यांना विशिष्ट उपयोग नेमून दिलेला नसतो, त्यांचे बाजारमूल्य निदान काही काळ तरी कमी असते आणि त्यांची देखभाल कोणाकडेच नसते. नेमक्या याच कारणांमुळे मुले तेथे खेळू शकतात व याच कारणांमुळे त्या जागा त्यांच्या हातून केव्हाही जाऊ शकतात. अशा जागा मुलांना योग्य करणे आणि त्या त्यांच्याकडे टिकविणे, असा हा दुहेरी प्रश्न आहे.

मुलांच्या गरजा : घराबाहेरील खेळात मुलाच्या शारीरिक हालचालींना वाव मिळतो, एवढाच त्याचा उपयोग नाही. माती, पाणी, वाळू, झाडे, ऊन, वारा यांचा प्रत्यक्ष परिचय, समवयस्कांशी भांडणे व जुळवून घेणे, खेळाचे नियम स्वतः ठरविणे आणि मोडणे, धोक्याचा अंदाज घेणे, वडीलधाऱ्यांच्या नजरेआड थोडा वेळ राहणे या सर्व गोष्टी त्यात येतात. वयानुसार या गरजा बदलतात. तीन-चार वर्षांच्या मुलाचे विश्व घराच्या उंबरठ्यापासून हाकेच्या अंतरापर्यंतच असते. त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीला बसायला जागा व सावली असल्याखेरीज ते मूल बाहेर येऊ शकत नाही. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना धावणे, चढणे, लपणे व काहीतरी बांधणे यांसाठी जागा लागते. त्यापुढील वयात चेंडूचे खेळ व नुसते एकत्र बसून बोलणे यांचे महत्त्व वाढते. लंडन महानगराच्या २०१२ मधील नियोजनविषयक मार्गदर्शिकेत हे तत्त्व अंतराच्या भाषेत मांडले आहे : पाच वर्षांखालील मुलांसाठी खेळाची जागा घरापासून १०० मी., पाच ते अकरा वयोगटासाठी ४०० मी. आणि बारा वर्षांवरील मुलांसाठी ८०० मी. चालण्याच्या अंतराच्या आत असावी, अशी तिची शिफारस आहे. शहरात एखादे विस्तीर्ण उद्यान असले, तरी मध्ये रहदारीचा रस्ता आडवा आल्यास लहान मुलाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच असते. घराजवळच्या लहान जागांना महत्त्व येते ते त्यामुळेच.

इतिहास : औद्योगिकीकरणामुळे दाट वस्तीच्या शहरांत रस्ता हेच मुलांचे खेळण्याचे ठिकाण बनले. बर्लिनमधील वाळूच्या ढिगांच्या धर्तीवर १८८५ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात मुलांसाठी वाळूची जागा करण्यात आली. अमेरिकेतील क्रीडांगण चळवळीचा आरंभ तेथून मानला जातो. न्यूयॉर्कमधील स्थलांतरितांच्या दाट वस्तीत १९०३ मध्ये स्यूअर्ड पार्क हे महानगरपालिकेचे कायमस्वरूपी सुसज्ज क्रीडांगण सुरू झाले. झोपाळा, घसरगुंडी, सी-सॉ व लोखंडी शिड्या ही साधने या काळात रूढ झाली आणि पुढे जगभर क्रीडांगण म्हणजे हीच साधने, असे समीकरण बनले. रस्त्यावरील मुलांना वाहनांपासून व वाईट संगतीपासून दूर ठेवणे हा या चळवळीचा एक हेतू होता. त्यामुळे ही क्रीडांगणे बहुधा कुंपण घातलेली, ठराविक वेळी उघडणारी व देखरेखीखालची असत. ती उपयुक्त ठरली. पण मुलांचा बराचसा खेळ कुंपणाबाहेरच, म्हणजे रस्त्यांवर व पडीक जागांवरच चालू राहिला.

या वस्तुस्थितीकडे लक्ष वेधून तिचाच रचनेसाठी उपयोग करणाऱ्यांमध्ये डॅनिश भूदृश्यरचनाकार कार्ल थिओडोर सॉरेन्सन (१८९३–१९७९) अग्रेसर होता. आपण आखलेल्या क्रीडांगणांपेक्षा बांधकामाच्या जागा व टाकाऊ सामानाचे ढीग मुलांना अधिक आवडतात, असे त्याच्या लक्षात आले. लाकडाचे तुकडे, विटा, दोर, जुनी चाके असे सामान मुलांच्या स्वाधीन करणारे ‘भंगार क्रीडांगण’ असावे, अशी कल्पना त्याने १९३१ मधील आपल्या ग्रंथात मांडली. जर्मन अंमलाखालील कोपनहेगनच्या एम्‌ड्रप या उपनगरात १९४३ मध्ये ती प्रत्यक्षात आली. नव्या वसाहतीलगतच्या या जागेभोवती मातीचा बांध होता. आत मात्र मुलांनी स्वतःच खोदावे, बांधावे व मोडावे अशी योजना होती. जॉन बेर्टेल्सन हा तेथील पहिला क्रीडासहायक. मुलांना खेळ शिकविणे हे त्याचे काम नव्हते. साधने उपलब्ध ठेवणे व गरज पडेल तेव्हा मदत करणे एवढेच त्याचे काम होते.

ब्रिटिश भूदृश्यरचनाकार लेडी मार्जरी ॲलन (१८९७–१९७६) यांनी १९४६ मध्ये एम्‌ड्रपला भेट दिली आणि लंडनमधील बाँबहल्ल्यांत उद्‌ध्वस्त झालेल्या जागांचा असाच उपयोग करावा, असा आग्रह त्याच वर्षी एका लोकप्रिय सचित्र साप्ताहिकातून धरला. त्यातून ब्रिटनमध्ये ‘साहस क्रीडांगणां’ची चळवळ उभी राहिली. लंडनच्या लँबेथ भागातील लॉलर्ड स्ट्रीट येथील क्रीडांगण १९५५ मध्ये बाँबहल्ल्यात नष्ट झालेल्या एका शाळेच्या जागेवर सुरू झाले. अपंग मुलांसाठीचे पहिले साहस क्रीडांगण लेडी ॲलन यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये लंडनच्या चेल्सी भागात निघाले. जपानमध्ये टोकिओच्या सेतागाया विभागात १९७९ मध्ये स्थापन झालेले हानेगी क्रीडांगण याच परंपरेतील होय. तथापि अनेक ब्रिटिश क्रीडांगणे पुनर्बांधणी होईपर्यंतच वापरावयाच्या भूखंडांवर होती. बांधकाम सुरू होताच त्यांना जागा सोडावी लागली.

ॲम्स्टरडॅमचा प्रयोग : दुर्लक्षित जागांचा पद्धतशीर व दीर्घकाळ उपयोग केल्याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण नेदर्लंड्समधील ॲम्स्टरडॅम शहराचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे घरांची तीव्र टंचाई होती व जननप्रमाण वाढले होते. त्यावेळची बरीच क्रीडांगणे खाजगी संस्थांची, कुंपणातील व सभासदांच्या मुलांपुरती होती. महानगरपालिकेच्या नगररचना विभागात काम करणारा तरुण वास्तुविशारद आल्डो व्हान आइक (१९१८–९९) याच्याकडे १९४७ मध्ये बेर्टेलमानप्लाइन या लहानशा चौकाची रचना सोपविण्यात आली. रुंद काठाचा वाळूचा हौद, त्यात चार गोल दगड, कोलांट्या मारण्यासाठी लोखंडी नळ्यांचे दांडे, कडेने झाडे व बाके एवढेच साहित्य त्याने वापरले. कुंपण घातले नाही आणि हौद चौकाच्या मध्यभागी न ठेवता एका कोपऱ्याकडे ठेवला. त्यामुळे उरलेली मोकळी जागा धावण्यासाठी मिळालीच, शिवाय जाणाऱ्यायेणाऱ्यांचाही चौकाशी संबंध राहिला.

हा चौक लोकांना आवडला. आपल्याही भागात अशी जागा असावी, अशी पत्रे नागरिकांकडून महानगरपालिकेकडे येऊ लागली. नगररचना विभागातील याकोबा मल्डर व कोर्नेलिस व्हान एस्टेरेन यांचा या कामाला पाठिंबा होता. सुचविलेल्या जागेची पाहणी करावयाची, तिच्या आकारानुसार आराखडा करावयाचा व ठराविक घटकांतून ती बांधावयाची, अशी पद्धत बसत गेली. व्हान आइकने १९५१ मध्ये महानगरपालिकेची नोकरी सोडली, पण हे काम तो पुढेही करीत राहिला. १९४७ ते १९७८ या काळात सातशेहून अधिक क्रीडास्थाने तयार झाली.

यांतील काही जागांना दुःखद पार्श्वभूमी होती. जुन्या ज्यू वस्तीतील रहिवाशांना जर्मन राजवटीने मृत्युछावण्यांत पाठविले होते. त्यांच्या रिकाम्या घरांतील लाकूड १९४४–४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात जळणासाठी काढून नेण्यात आले व अनेक घरे कोसळली. दोन इमारतींच्या आंधळ्या भिंतींमध्ये अशा प्रकारे उरलेल्या डाइकस्ट्राटमधील अरुंद भूखंडावर १९५४ मध्ये क्रीडास्थान करण्यात आले. राडारोडा साठणारी व टाळली जाणारी जागा मुलांच्या वावरामुळे पुन्हा वस्तीचा भाग बनली. झेडाइक येथील क्रीडास्थानाच्या भिंती योस्ट व्हान रोयेन या चित्रकाराने रंगविल्या.

व्हान आइकची साधने अगदी साधी होती : निरनिराळ्या उंचीचे काँक्रीटचे वाटोळे ठोकळे, नळ्यांच्या कमानी, अर्धगोलाकार चढण्याची चौकट, कोलांट्यांचे दांडे व वाळूचा हौद. प्राण्यांच्या आकृती, झोपाळे व घसरगुंड्या त्याने सहसा टाळल्या. कारण हत्तीच्या आकाराच्या वस्तूचा हत्तीच होतो, पण काँक्रीटच्या ठोकळ्याचे आसन, दुकान, बेट किंवा उडी मारण्याची पायरी यांपैकी काहीही होऊ शकते. बर्फ पडले म्हणजे काही काळ सारे शहर मुलांच्या ताब्यात जाते. त्यांना याहून टिकाऊ, पण शहराच्या नित्य व्यवहारात सहज सामावणारे काही द्यावे, असा विचार त्याने मांडला. मुले नसतानाही ही जागा शहराचा चौक म्हणून शोभावी, असा त्याचा कटाक्ष होता. ही रचना एकेका चौकापुरती पाहिली, तर किरकोळ वाटते. तिचे खरे महत्त्व संख्येत व विखुरलेपणात आहे : शहरभर पसरलेल्या या जाळ्यामुळे मूल राहते त्या भागातच त्याच्यासाठी जागा निर्माण झाली.

रस्ते व निवासी अंगणे : घराजवळची सर्वांत मोठी मोकळी जागा म्हणजे रस्ता. नेदर्लंड्समधील डेल्फ्ट शहरात १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रहिवासी रस्त्यांची पुनर्रचना सुरू झाली. पादचारीमार्ग व वाहनमार्ग यांतील पातळीचा भेद काढून टाकणे, रस्ता वळणावळणाचा करणे, मध्ये झाडे व बाके ठेवणे अशा उपायांनी वाहनांना माणसाच्या चालीने जाणे भाग पडले. अशा रस्त्यास ‘वूनेर्फ’, म्हणजे निवासी अंगण, असे नाव मिळाले व १९७६ मध्ये त्याला कायद्याने मान्यता देण्यात आली. या रस्त्यांच्या संपूर्ण रुंदीत चालण्याची व खेळण्याची मुभा असते. दुर्लक्षित जागा नेहमी रिकामीच असते असे नाही. एकाच उपयोगाने व्यापलेल्या जागेत मुलांचा वाटा विसरला गेलेला असतो, हे या प्रयोगाने दाखविले.

अभ्यास व उपपत्ती : ब्रिटनमधील सायमन निकल्सन याने १९७१ मध्ये ‘सुट्या साधनां’ची उपपत्ती मांडली. एखाद्या परिसरात हलविता, जोडता व बदलता येण्याजोग्या वस्तू जितक्या अधिक, तितका तेथे कल्पकतेला वाव अधिक, असा तिचा आशय आहे. अमेरिकन नगररचनाकार केव्हिन लिंच याच्या मार्गदर्शनाखाली युनेस्कोच्या साहाय्याने अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको व पोलंड या देशांतील मुलांच्या परिसराचा अभ्यास झाला. त्याचा वृत्तांत १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. मेलबर्नच्या एका उपनगरात मोठी मैदाने असूनही करण्यासारखे काही नाही, अशी मुलांची तक्रार होती. उलट अर्जेंटिनातील साल्टा शहराच्या एका गरीब पण एकजिनसी वसाहतीत मुले आपल्या परिसराबद्दल आपुलकीने बोलत. केवळ क्षेत्रफळ वाढविल्याने प्रश्न सुटत नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले. रॉजर हार्ट याने अमेरिकेतील एका लहान गावाच्या आपल्या अभ्यासात (१९७९) मुलींना घरापासून मुलांइतके दूर जाऊ दिले जात नाही, असे नोंदविले. मुलींना कोणत्या जागा खरोखर मिळतात, हा विचार त्यामुळे रचनेत महत्त्वाचा ठरतो. लिंचच्या अभ्यासाची १९९० नंतरच्या दशकात अनेक देशांत पुनरावृत्ती झाली. तीत बंगळूरमधील सत्यनगर ही वस्ती होती. तेथे पाणी व शौचालये यांची वानवा होती; तरीही शेजारसंबंध व घराबाहेरील वावर यांमुळे मुलांना तो परिसर आपला वाटत असे.

रचनेची तत्त्वे : वरील प्रयोगांवरून काही सर्वसाधारण तत्त्वे सांगता येतात. (१) प्रथम निरीक्षण : मुले आधीच कोठे खेळतात, कोणत्या वाटेने येतात, कोणत्या वेळी सावली असते हे पाहून मगच आराखडा करावा. पडीक जागेतील उंचवटा, जुने झाड, मोडकी भिंत यांचा खेळात उपयोग होत असेल, तर ती सपाट करू नयेत; आवश्यक ती डागडुजी करून राखावीत. (२) मार्ग : जागेइतकीच तिच्याकडे जाणारी वाट सुरक्षित असली पाहिजे. (३) कडा : वाहनांच्या बाजूस कठडा आवश्यक असतो, वस्तीच्या बाजूस मात्र बसता येईल अशी कमी उंचीची भिंत अधिक उपयोगी पडते. खिडक्यांतून व दुकानांतून दिसणारी जागा सुरक्षित राहते. (४) घटक : वाळू, माती, पाणी, चढउतार, सावली देणारी झाडे, बसण्याच्या जागा व काही सुटी साधने असावीत, सर्व जागा साधनांनी भरू नये. (५) समावेश : उताराच्या वाटा, चाकाच्या खुर्चीवरून हात पोहोचेल अशा उंचीवरील वाळूचे व पाण्याचे हौद यांमुळे अपंग मुलांना सहभागी होता येते. चेंडूच्या खेळाने सर्व जागा व्यापली जाऊ नये म्हणून लहान मुलांसाठी व मुलींच्या गटांसाठी स्वतंत्र कोपरे ठेवावे लागतात. पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह जवळ नसल्यास मुलींचा वावर आपोआप कमी होतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत धोका व आव्हान यांत भेद करणे आवश्यक आहे. उघडा नाला, लोंबती वीजतार, काचा, गंजलेल्या कडा, ढासळती भिंत हे मुलाला न दिसणारे किंवा त्याच्या आटोक्याबाहेरचे धोके होत. ते दूर केलेच पाहिजेत. कारखान्यांच्या जुन्या जमिनीत शिसे व इतर विषारी द्रव्ये असू शकतात. अशा ठिकाणी मातीची तपासणी करून गरजेप्रमाणे वरचा थर बदलावा लागतो. उलट, झाडावर चढणे अथवा उंचीवरून उडी मारणे यातील जोखीम मूल स्वतः अजमावू शकते. ती नाहीशी केल्यास खेळातील रसच नाहीसा होतो. पडण्याच्या जागी वाळूचा पुरेसा जाड थर देणे हा त्यावरील साधा उपाय आहे. यूरोपात १९९८ पासून क्रीडासाधनांसाठी समान मानके लागू झाली. अपघात टाळण्यास त्यांची मदत झाली. परंतु मानकांचा अर्थ अतिसावधपणे लावल्याने अनेक ठिकाणी एकसारखी व नीरस क्रीडांगणे निर्माण झाली, अशी टीकाही झाली आहे.

भारतातील स्थिती : भारतातील पारंपरिक वस्त्यांत खेळाची जागा बहुधा घराच्या रचनेतच असे. पुण्यातील वाड्यांचे चौक, मुंबईतील चाळींच्या गॅलऱ्या व मधली पटांगणे, देवळांची आवारे, आळीचे पार ही त्याची उदाहरणे. लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या, लंगडी, सागरगोटे, डबा ऐसपैस या खेळांना विशेष साधने लागत नाहीत, जवळची मोकळी जागा मात्र लागते. वाडे व चाळी यांच्या जागी बहुमजली इमारती आल्यावर चौक व पटांगणे गेली आणि उरलेल्या मोकळ्या जागेचा बराच भाग वाहनांनी व्यापला.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्यात क्रीडांगणांसाठी जमीन आरक्षित करता येते. तथापि आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत ती संपादित न झाल्यास मालकाला नोटीस देता येते व त्यानंतर ठराविक मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द होते. नकाशावरील क्रीडांगण आणि जमिनीवरील क्रीडांगण यांतील अंतर त्यामुळे मोठे राहते. मुंबईतील कापडगिरण्यांच्या जमिनींचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियमानुसार पुनर्विकास करताना सु. एकतृतीयांश जमीन सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी, सु. एकतृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी व उरलेली मालकांना, अशी वाटणी व्हावयाची होती. २००१ मध्ये ही वाटणी गिरणीच्या संपूर्ण क्षेत्राऐवजी केवळ आधीच रिकाम्या असलेल्या भागापुरती मर्यादित करण्यात आली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल वैध ठरविला. गिरणगावातील मुलांना मिळू शकणाऱ्या मोकळ्या जागेचे प्रमाण त्यामुळे फार घटले.

अलीकडे काही लहान प्रयत्न झाले आहेत. मुंबईत माटुंगा येथील उड्डाणपुलाखालच्या पट्ट्यात नागरिकांच्या प्रयत्नांतून २०१६ मध्ये नानालाल डी. मेहता उद्यान झाले. त्यातील पायवाट नर्मदेच्या प्रवाहाच्या आकाराची आहे. परळ भागात सेनापती बापट मार्गावरील उड्डाणपुलाखाली २०२२ मध्ये बसण्याच्या व खेळण्याच्या सोयी असलेली सार्वजनिक जागा तयार करण्यात आली. अशा जागी दोन्ही बाजूंच्या वाहतुकीचा धूर, आवाज आणि रस्ता ओलांडण्याची अडचण हे प्रश्न राहतातच. केंद्र शासनाच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०२० मध्ये लहान मुलांना अनुकूल अशा वस्त्यांसाठी शहरांमध्ये स्पर्धात्मक उपक्रम सुरू केला. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात शाळेला क्रीडांगण असणे हा एक निकष आहे. ही पटांगणे शाळेच्या वेळेनंतर वस्तीतील मुलांना खुली ठेवणे हा कमी खर्चाचा, पण फारसा न अवलंबिला गेलेला उपाय होय.

टिकाव : संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्कविषयक संहितेच्या (१९८९) एकतिसाव्या अनुच्छेदाने मुलांचा विश्रांतीचा व खेळाचा हक्क मान्य केला असून भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली. मात्र या हक्काला जागेचा आधार मिळाल्याशिवाय तो उपभोगता येत नाही. ॲम्स्टरडॅममधील शेकडो क्रीडास्थानांपैकी मूळ स्वरूपातील फारच थोडी एकविसाव्या शतकापर्यंत टिकली. काहींवर इमारती झाल्या, काही रस्त्यांसाठी व वाहनतळांसाठी घेण्यात आली, काहींची साधने बदलली. व्हान आइकला आपल्या जागांपैकी अनेक तात्पुरत्या आहेत, याची जाणीव होती. एक जागा गेली तर दुसरी शोधता येईल, ही व्यवस्था महानगरपालिकेच्या कामकाजात असल्यामुळेच तो प्रयोग तीस वर्षे चालला. म्हणून अशा जागांच्या बाबतीत आराखड्याइतकेच महत्त्व पुढील गोष्टींना आहे : पडीक जागांची नियमित नोंद, तात्पुरत्या वापराचे लेखी करार, वाळू बदलणे व साफसफाई यांसाठी अंदाजपत्रकात तरतूद, स्थानिक रहिवासी व मुले यांचा देखभालीत सहभाग आणि एक जागा काढून घेताना त्याच वस्तीत चालण्याच्या अंतरावर दुसरी देण्याचे बंधन. शहराच्या दृष्टीने चार-पाच वर्षे हा अल्प काळ असतो. त्या काळात मुलाचे खेळण्याचे वय मात्र संपून जाते. त्यामुळे आज रिकामी असलेली लहान जागा आजच वापरात आणणे हे भविष्यातील मोठ्या क्रीडांगणाच्या आश्वासनापेक्षा अधिक उपयुक्त ठरते.